दातोबाची गाळलेली पानं

आमच्या लहानपणी बागुलबुवा होता आणि त्याचं काम ठरलेलं होतं. ताटातला भात संपवला नाही, दुपारी गपगुमान झोपलो नाही, की तो यायचा. भोपाळच्या शिवाजी नगरातल्या सरकारी क्वार्टरात, मागच्या अंगणात कोळसा ठेवायची एक खोली होती. तिथे तो राहतो असं आईने सांगितलं होतं आणि आम्ही भावंडांनी त्यावर कधी शंका घेतली नाही. त्याला कोणी पाहिलेलं नव्हतं, म्हणून त्याचे दात केवढे आणि केस कसे हा प्रश्नच आला नाही. पुढे माझ्या मुलालाही मी त्याच्याच जिवावर वाढवलं. मुलगा शिकून इंजिनिअर झाला, म्हणजे बागुलबुवाने आपलं काम चोख केलं म्हणायचं.

म्हणून सूनबाईने नातीसाठी ती पुस्तकं आणली तेव्हा मला हसूच आलं. गुळगुळीत कागदाची, ताटाएवढी मोठी पुस्तकं, सगळी इंग्रजी, आणि बहुतेक पानांवर शब्द इनमीन चार. एका पुस्तकात जांभळा केसाळ राक्षस टबात बसलेला आणि एक मुलगी त्याच्या डोक्याला शाम्पू चोळतेय. दुसऱ्यात सर्दी झालेलं भूत. आणि तिसऱ्यात एक व्हॅम्पायर. अंगावर काळा डगला, वटवाघळासारखे कान, खालच्या ओठावर टेकलेले दोन लांब सुळे, आणि तोंड इतकं उतरलेलं की जसं काही यंदाही त्याचं प्रमोशन हुकलं.

"यात भुताचं भूतपण राहिलं कुठं?" मी विचारलं.

"आई, तिला सगळ्याचीच भीती वाटते," सूनबाई म्हणाली. "मिक्सरची, कुकरच्या शिट्टीची, कुत्र्याची. ज्याची भीती वाटते त्याच्याशी ओळख झाली की भीती कमी होते."

ती पुण्याची. इथे बँकेत आहे. बोलते हळू आणि वाक्य पूर्ण करते. मी भोपाळातच जन्मले; वडील नागपूरहून ऑफिसबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. माझ्या मराठीत निम्मी हिंदी असते आणि निम्मं वाक्य मी हातवाऱ्यांनीच उरकते. मी "लाईट गुल झाली" म्हटलं की ती गालातल्या गालात हसते. मला ते दिसतं. "करा बाई तुम्हाला काय करायचं ते," असं मी म्हटलं, आणि ज्या सुरात म्हटलं तो तिला बरोबर कळला.

पण गंमत अशी की ती पुस्तकं वाचायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. नात के.जी.तून दुपारी घरी येते. मुलगा त्याच्या ऑफिसात, सून बँकेत, दोघं दिवेलागणीला येतात. मधली सगळी दुपार माझी आणि तिची. जेवण झालं की ती शाहपुऱ्यातल्या आमच्या फ्लॅटच्या बैठकीत सोफ्यावर चढते, पुस्तक माझ्या मांडीवर आपटते आणि म्हणते, "आजी, पढ़."

आता मी कशी वाचते ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. माझी सगळी नोकरी राज्य सरकारच्या एका ऑफिसात टिपणं काढण्यात गेली. समोर जाडजूड फाईल यायची आणि मी तिचा अर्ध्या पानात गोषवारा करायचा. साहेबांना वेळ नसतो. त्यांना मुद्दा हवा. कोणी कोणाला काय कळवलं, मग स्मरणपत्र, मग पुन्हा स्मरणपत्र, हे सगळं मी डोळे झाकून गाळायची आणि शेवटी निर्णयाची एक ओळ ठसठशीत लिहायची. माझं टिपण साहेब दुसऱ्यांदा वाचत नसत, लगेच सही करत. याचा मला फार अभिमान होता. निवृत्त झाले तरी सवय काही गेली नाही. टीव्हीवरची मालिका मी शेजारणीला दोन वाक्यांत सांगते आणि तिला वाटतं तिने ती पाहिली.

तर पुस्तक इंग्रजी, मुलगी ऐकणार मराठीत, आणि मधे मी. व्हॅम्पायरला मराठीत रक्तपिपासू पिशाच्च म्हणायचं म्हणजे पोरीची जीभ अडकायची आणि माझीही. मी त्याचं नाव ठेवलं दातोबा. तिला ते इतकं आवडलं की टबातला राक्षस आणि सर्दीवालं भूत दोघंही मागे पडले. रोज दातोबाच.

माझी गोष्ट अशी होती. एका गावात दातोबा राहतो. त्याचे लांब दात बघून सगळे पळतात. एक छोटी मुलगी असते, ती काही पळत नाही. ती त्याच्याकडे जाते, हात पुढे करते, दातोबा खूश होतो आणि दोघं मिळून बिटाची कोशिंबीर खातात. बिटाची कोशिंबीर माझी. पुस्तकात कसलातरी लाल केक होता. मधे काही पानं होती, त्यात मुलगी नुसती बाकावर बसलेली. या पानावर बाकावर, पुढच्या पानावरही बाकावर, त्याच्याही पुढे बाकावरच. बारीक अक्षरांतला मजकूर आणि घडत काहीच नाही. मला ती पानं स्मरणपत्रांसारखी वाटली. मी पहिल्याच दिवशी ती एकदम उलटली, आणि मग रोज उलटत राहिले. मूल पेंगत असतं, ओट्यावर भांडी पडलेली असतात, कोण बसतंय बाकावर.

आणि निर्णयाची ओळ मी माझी घातली. मुलगी दातोबाजवळ जाते त्या पानावर मी आवाज बदलून म्हणायची, "दात दिसले की समजायचं, हसतोय!" मग नात खिदळायची आणि स्वतःचे सगळे दात मला दाखवायची.

ओळ लागू पडली. थोड्याच दिवसांत तिने मिक्सरसमोर उभं राहून सांगितलं, "आजी, ये भी दातोबा है, दात अंदर हैं इसके." कुकरच्या शिट्टीला ती दचकायची थांबली. कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या मिशांना ती आधी घाबरायची, त्याला तिने आपणहून हात केला. मी सगळ्या बिल्डिंगमध्ये सांगत सुटले. सूनबाईसुद्धा म्हणाली, "आई, तुम्ही किती छान वाचता. मी वाचायला घेतलं तर म्हणते, तू लांबवतेस, दातोबा आजीचाच." खोटं कशाला बोलू, हे ऐकून मी फुगले. पुस्तकं आणली तिने, आणि नाव झालं माझं.

हिवाळ्यात आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली, पाण्याच्या मोटरच्या आडोशाला एका तपकिरी कुत्रीने पिल्लं दिली. ती ओळखीचीच होती. दुपारची उरलेली पोळी मी रोज तिलाच घालते. आईचीही तीच पद्धत होती. पोळी घेऊन मी फाटकापाशी उभी राहिले की ती यायची, बेतानं घ्यायची आणि लांब जाऊन खायची. नात हे सगळं माझ्या साडीमागे उभी राहून बघायची.

त्या दिवशी मी बिट्टन मार्केटच्या हाटातून मटर आणला होता. ऊन छान पडलं होतं म्हणून थैला आणि परात घेऊन मी खाली पायरीवर येऊन बसले. नात शेजारी. तिच्या हातात कुत्रीची पोळी. मी सोलत होते आणि ती मधूनमधून दाणे मटकावत होती. मग ती म्हणाली, आज पोळी मी देणार. मला कोण आनंद झाला. महिन्याभरापूर्वी कुत्रं दिसलं तर रडून कडेवर चढणारी पोर. मी म्हटलं, "दे की."

ती मोटरच्या दिशेने गेली. माझ्यापासून चार-सहा पावलं असेल. कुत्री पिल्लांना पाजत पडली होती. मला गुरगुर ऐकू आली का? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारलाय की आता खरं उत्तर राहिलेलंच नाही. एवढं नक्की की नात थांबली, आणि वळून तिने मला विचारलं, "आजी, ती दात दाखवतेय. हँस रही है ना?"

आणि मी मान वर न करता म्हटलं, "हो, हसतेय."

एका शेंगेत अळी होती, मी तिच्याकडे बघत होते.

मग जे ऐकू आलं ते मी लिहीत नाही. परात उलटली, मटर जिनाभर. अंगठा आणि बोटाच्या मधल्या मांसात दात रुतले होते. कुत्री चावून लगेच मागे सरली आणि पिल्लांपुढे उभी राहून थरथरत होती. मी पोरीला उचलून बाहेरच्या नळाखाली नेलं, साबण मागवला, धुत राहिले. एवढं मला माहीत होतं. शेजारच्यांनी गाडी काढली. दवाखान्यात डॉक्टरांनी जखम पुन्हा धुतली, जखमेत आणि दंडात सुया टोचल्या, पुढच्या इंजेक्शनांचे दिवस सांगितले. घाबरायचं कारण नाही, वेळेवर आणलंत, असंही म्हणाले. "वेळेवर आणलंत" म्हणताना ते माझ्याकडे बघत होते. मला तिथल्या खुर्चीवर बसवेना.

सून बँकेचं ओळखपत्र गळ्यात तसंच घेऊन धावत आली. मुलगा तिच्या मागोमाग. मुलगा तसा शांत आहे, पण घाबरला की त्याचा राग निघतो, अगदी त्याच्या वडिलांसारखा. घरी आल्यावर त्याने लेकीला समोर बसवलं.

"बेटा, तू कुत्रीजवळ का गेलीस?"

"ती हसत होती."

"कुत्री हसते? कोणी सांगितलं तुला?"

तिने माझ्याकडे पाहिलं. खरंच पाहिलं, अगदी एक क्षण. मग खाली बघत हाताच्या पट्टीचा दोरा ओढत राहिली.

मुलाची नजर सोफ्यावर पडलेल्या पुस्तकांवर गेली. वर जांभळा राक्षस, तोंडभर दात काढून हसणारा. त्याने ते उचललं आणि बायकोसमोर धरलं. "हे बघ. हेच. किती वेळा म्हटलं मी, लहान पोरांना असलं काही दाखवू नये. राक्षस चांगला, भूत चांगलं, ज्याला दात तो दोस्त. मग तिला कळणार कसं घाबरायचं कशाला?"

सूनबाईने त्याच्या हातातलं पुस्तक घेऊन खाली ठेवलं. ती माझ्याकडे वळली. "आई, तुम्ही कुठे होतात?"

"मटर सोलत होते," मी म्हटलं. "माझं लक्ष नव्हतं."

हे खरं होतं. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. असं खरं कसं लिहायचं हे मला नोकरीने चांगलं शिकवलं होतं. फाईलमधली नको ती गोष्ट गाळायची, बाकी सगळं खरंच ठेवायचं.

मुलाने शिडी आणली, पुस्तकं पिशवीत भरली आणि माळ्यावर टाकून दिली. जुने कुलर आणि दिवाळीचे कंदील पडलेत तिथे. नात खालून बघत होती. सून स्वयंपाकघरात जाऊन, धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागली. मी देवापाशी जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सांगेन असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी मुलगा ऑफिसच्या कामात होता. त्याच्या पुढच्या दिवशी इंजेक्शन होतं. मग पाहुणे आले. कारणांना काय तोटा. मी काय केलं, तर सूनबाईला खायला घालायला लागले. तिला आवडतात म्हणून मटारच्या करंज्या केल्या. सकाळी तिचा डबा मीच भरायला लागले. तिच्या कपड्यांना इस्त्री करून ठेवली. ती म्हणायची, "आई, कशाला दगदग करता, तुम्हालाही धक्का बसलाय." हे वाक्य ऐकलं की मी तिच्या डब्यात आणखी एक करंजी घालायची. एकदा ती बाल्कनीत फोनवर तिच्या आईशी बोलत होती. "नाही गं, तो काही बोलत नाही आता. पण माझंच चुकलं. मला वाटलं होतं तिची भीती जाईल." मी आत वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होते. एक टॉवेल मी किती वेळ घडी करत उभी होते कोण जाणे.

आणि पोरीची भीती परत आली, सव्याज परत आली. मिक्सर सुरू झाला की कान झाकायची. फाटकापर्यंत कडेवर. कुत्रीला बघायचं नाही म्हणून जिना उतरताना डोळे मिटून घ्यायची. कुत्री होती तिथेच होती. बिल्डिंगवाले महापालिकेची गाडी बोलवा म्हणत होते आणि मुलगाही त्यांच्यातच. पिल्लं मोठी झाली की आपणहून जाईल, एवढंच मी कशीबशी म्हटलं.

एका दुपारी नात झोपली होती. सोफ्याच्या गाद्या काढून झाडत होते, तर मागच्या फटीत दातोबा सापडला. बाकी सगळे माळ्यावर गेले, हा तेवढा अडकून राहिला होता. मी चष्मा लावला आणि पहिल्यांदा ते पुस्तक पहिल्या शब्दापासून वाचलं. बाकाची पानंसुद्धा.

काय होतं त्यात? मुलगी दातोबाच्या घरासमोर येते आणि लांबच्या बाकावर बसते. त्याला ओरडून सांगते, मी इथेच बसते, तू बोलावलंस तरच येईन. तो बोलावत नाही. दुसऱ्या दिवशी ती जरा जवळच्या बाकावर बसते. तो सुळे दाखवतो. ती उठून पुन्हा लांबच्या बाकावर जाते. तिला काही राग येत नाही. असे कितीतरी दिवस. मग एका पानावर दातोबा दारातूनच तिला सांगतो, "मी दात दाखवतो ना, तेव्हा मी घाबरलेला असतो." मुलगी म्हणते, "बरं झालं सांगितलंस. मग मी थांबते." आणि ती थांबते. पानंच्या पानं थांबते. शेवटी तोच चालत येतो आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसतो. हात त्यानेच पुढे केलेला असतो.

मी चष्मा काढून पुसला आणि ते पान परत वाचलं. दोन ओळींचं इंग्रजी होतं, अगदी सोपं. पोरीला कोणीतरी सगळं नीट सांगून ठेवलं होतं. मी ते उलटून टाकलं होतं, आणि त्याच्या जागी बरोबर उलटी गोष्ट, आवाज बदलून, रोज, हसत हसत तिच्या डोक्यात घातली होती. आणि तिला जेव्हा शंका आली, तेव्हा तिने मला विचारलंही होतं. पाच वर्षांच्या पोरीला जे दिसलं ते तिने वळून मला सांगितलं, आणि मी अळी बघत होते. मला रडू आलं. आजवर किती फायलींतली किती माणसं मी अशी उलटून टाकली असतील, हेही तेव्हाच मनात आलं. पण ते जाऊ दे, ती माणसं काही माझ्याकडे वळून बघत नव्हती.

तेवढ्यात नात उठून आली. माझ्या मांडीवर पुस्तक बघून तिची झोपच उडाली. धावत आली आणि चांगल्या हाताने ते माझ्या पदराखाली कोंबायला लागली.

"आजी, छुपा, छुपा. पापा देख लेंगे."

"पापा रागावणार नाहीत," मी म्हटलं. "बैस इथे. मला एक सांग. पापांनी विचारलं होतं ना तुला, कुत्री हसते असं कोणी सांगितलं? तेव्हा तू माझं नाव का नाही घेतलंस?"

ती पुस्तकाच्या कोपऱ्याशी खेळत राहिली. मला वाटलं म्हणेल, आठवलं नाही. किंवा म्हणेल, तू रागावशील. माझा राग घरात सगळ्यांना माहीत आहे.

"किताबों को पापाने ऊपर रख दिया ना," ती म्हणाली. "मग तुला पण माळ्यावर ठेवतील. तिथे अंधेरा है. आणि तुझे घुटने दुखतात. तुला उतरता नाही येणार."

मी तिला जवळ घेतलं. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. इतके दिवस ती जिन्यात डोळे मिटून, मिक्सरला कान झाकून जगत होती, आणि वर मला माळ्यापासून वाचवत होती. बागुलबुवाला घाबरून आम्ही लहानपणी बरंच काही लपवलं, पण स्वतःसाठी. हिने माझ्यासाठी लपवलं. आणि मी, साठी उलटलेली बाई, हिच्या आईच्या आडोशाला लपून बसले होते.

संध्याकाळी दोघं आली. मी चहा ठेवला, सगळ्यांना दिला आणि म्हटलं, "बसा, मला बोलायचंय." मुलाला वाटलं माझी तब्येत बिघडली. तो अर्धा उठला. मी त्याला हाताने खाली बसवलं.

पुस्तक मी टेबलावर ठेवलं. गोषवारा केला नाही. सगळं क्रमाने सांगितलं. बाकाची पानं मी कधीच वाचली नाहीत. हसतोय ही ओळ माझी, पुस्तकात कुठेच नाही. पोरीने मला वळून विचारलं होतं आणि मी न बघता हो म्हटलं होतं. मटर सोलत होते हे खरं, पण तेवढंच खरं नव्हतं. "कुत्री हिला चावली ती माझ्यामुळे," मी म्हटलं, "आणि इतके दिवस मी हिच्या आईला बोलणी खाऊ दिली." मग चष्मा लावून ते पान वाचून दाखवलं, इंग्रजीतून, जसंच्या तसं.

मला वाटलं होतं सूनबाई म्हणेल, जाऊ द्या आई. ती तशी म्हणते नेहमी. या वेळी ती म्हणाली नाही. तिने कप खाली ठेवला.

"मी रोज रात्री तिच्या हाताकडे बघत पडते," ती म्हणाली. आवाज तसाच हळू. "आणि तुम्ही मला करंज्या करून घालत होतात."

"हो," मी म्हटलं.

"मला सांगायचं होतंत. याला नाही तर नाही, मला तरी सांगायचं होतंत."

"हो."

ती उठून आत गेली. मुलगा बराच वेळ पुस्तकाचं ते पान बघत होता. माझ्याकडे त्याने पाहिलंच नाही. मग तोही तिच्यामागे आत गेला आणि दार ओढून घेतलं. आतून आधी तिचा आवाज आला, मग बऱ्याच वेळाने त्याचा. त्याने माफी मागितली असावी. मला शब्द कळले नाहीत आणि मी कान देऊन ऐकायचा प्रयत्नही केला नाही. नात माझ्या शेजारी बिस्किट चहात बुडवत बसली होती. तिला एवढंच समजलं होतं की आजीने सांगून टाकलं.

सून बाहेर आली तेव्हा तिने तोंड धुतलेलं होतं. ती माझ्यासमोर उभी राहिली. "दातोबा इथून पुढेही तुम्हीच वाचायचा," ती म्हणाली. "मला तुमच्यावर राग आहे, तो जाईल तेव्हा जाईल. पण वाचायचा तुम्हीच. आणि सगळी पानं."

"सगळी," मी म्हटलं.

"आणि ती कुत्री राहू दे पिल्लं मोठी होईपर्यंत," ती नवऱ्याला म्हणाली. त्याने मान डोलावली आणि बाल्कनीत गेला.

तिथून तो शिडी घेऊन आला. त्याला माळ्यावरची पिशवी खाली काढायची होती. पण हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. तो नुसता शिडी घेऊन आत आला, भिंतीला टेकवली आणि माळ्याचं दार उघडलं.

नातीच्या हातातलं बिस्किट चहात गळून पडलं. तिने दोन्ही हातांनी, पट्टीच्या हातानेसुद्धा, माझी कंबर घट्ट धरली, तोंड माझ्या पोटात लपवलं आणि तिथूनच बापाला म्हणाली, "पापा, आजी को नहीं. आजी को मत रखो ऊपर."

मुलगा शिडीच्या मधल्या पायरीवर थांबला. सूनबाई माझ्याकडे बघत राहिली. मी पोरीला सांगत होते की पापा पुस्तकं काढतायत, मला कोणी ठेवत नाही, पण माझ्या शब्दावर आता तिचा इतका लगेच विश्वास बसणार नव्हता. पिशवी खाली येईपर्यंत, शिडी बाल्कनीत परत जाईपर्यंत तिने मला सोडलं नाही, आणि तिच्या पट्टीच्या हाताला लागेल म्हणून मीही हलले नाही.